सवतीच्या बाळाचं झबलं

लग्नाला चौदा पावसाळे उलटले तरी लाडकीची कूस उजवली नाही, तेव्हा नवऱ्यासाठी दुसरी बायको शोधायला ती आपणच निघाली. पोशेऱ्याच्या वरच्या पाड्यावर तिचं घर. तिचा नवरा काळ्या यावरून कधी तोंडानं काही बोलला नव्हता. सासू बायडी मात्र उठताबसता बोलायची. पण सासूचं बोलणं लाडकीच्या अंगवळणी पडलं होतं. शेजारची पोरं अंगणात आली की काळ्या हातातलं काम थांबवून त्यांच्याकडे बघत राहायचा, ते बघणं तिला जड जायचं.

दरीपलीकडच्या एका गावात तिला सुकरी सापडली. वीस-बावीस वर्षांची, पहिला नवरा झाडावरून पडून मेलेला, माहेरी भावजयीच्या हाताखाली राबणारी. लाडकी तिच्या बापाच्या अंगणात अर्धा दिवस बसली. पाण्याची दोन मडकी डोक्यावर घेऊन चढ चढताना सुकरी मध्येच कशाला तरी हसली, आणि हीच, असं लाडकीनं मनाशी ठरवलं. होळीनंतर पाट लागला. त्या दिवशीचा भात लाडकीनंच शिजवला आणि पाहुण्यांना वाढलाही.

आता घरात भांडणं होणार म्हणून पाडा कान देऊन होता. भांडणं झाली नाहीत. सुकरीला पहाटे जाग यायची नाही. लाडकी तिच्या वाटणीचं दळण दळून ठेवायची आणि बायडीला कळू द्यायची नाही. दुपारी ऊन उतरलं की लाडकी तिला पुढ्यात घेऊन तिच्या डोक्यातल्या उवा काढायची. सुकरी तिला बाय म्हणायची. वैशाख लागला तशी सुकरीला भाकरीचा वास सहन होईना. सगळ्यांच्या आधी लाडकीला कळलं. तिनं चूल परसात नेऊन मांडली.

त्याच वैशाखात संस्थानच्या नव्या रस्त्यावर खडी फोडायला पाड्यातून माणसं मागवली गेली. घरटी दोघं. काळ्या आणि लाडकी जव्हारला गेली. दिवसभर उन्हात मांडी घालून हातोडीनं दगड फोडायचा, कपचे उडून पोटऱ्या रक्ताळायच्या, संध्याकाळी मुकादम मजुरीची नागली मापून द्यायचा. कामावरच्या बाया गावात एका शिंप्याच्या विहिरीवर पाणी भरायच्या. शिंप्याचं नाव मंसूर. तो संस्थानच्या शिपायांचे अंगरखे शिवायचा. त्याची बायको अनीसा, चार मुलांची आई, पडवीत बसून काजं करायची, गुंड्या लावायची. तिच्या दोरीवर एक दिवस लाडकीनं वीतभर लांबीचं झबलं वाळत घातलेलं पाहिलं. पांढरं, पुढून उघडं, बंद बांधायचं. तिच्या हातातली घागर तशीच राहिली.

पाड्यावर कुणाच्या पोराच्या अंगाला शिवलेलं कापड नसे. जन्मलेलं मूल आईच्या फाटक्या लुगड्यात गुंडाळायचं आणि थंडीत शेकोटीजवळ ठेवायचं, इतकंच. त्यातली किती पोरं थंडीत गेली, ते लाडकीला तोंडपाठ होतं. स्वतःचं नसलं की माणूस दुसऱ्यांची मोजतं.

असलं एक करायला शिकवाल का, असं तिनं अनीसाला विचारलं. अनीसानं आधी तिच्या पोटाकडे पाहिलं आणि मग तोंडाकडे. कुणासाठी, म्हणून विचारलं. सवतीच्या बाळासाठी, हे ऐकून अनीसानं हातातलं काज बाजूला ठेवलं. मग तिनं सरकून जागा करून दिली.

दगडानं बोथटलेल्या हातात सुई राहीना. दोरा ओवायलाच पहिल्या दिवशी लाडकीला घामटं फुटलं. बोटांना पडलेल्या घट्ट्यांत सुई रुतली तरी कळायचं नाही, कापडावर रक्ताचा ठिपका उमटला की कळायचं. अनीसा तिला जुन्या चिंधीवर धावदोरा घालायला लावायची आणि वाकडा गेला की उसवायची. मुकादमानं सुट्टी दिली की लाडकी तोंड धुऊन थेट तिच्या पडवीत यायची. आठ-दहा दिवसांनी टाका सरळ पडू लागला. नवं कापड बाळाला बोचतं, जुनंच घ्यावं, असं अनीसानं सांगितलं, तेव्हा लाडकीनं गाठोड्यातून आपलं लग्नातलं लुगडं काढलं. धुऊन धुऊन ते सायीसारखं मऊ झालं होतं. त्यातून अनीसानं कात्रीनं झबलं बेतून दिलं. उरलेल्या तुकड्यांची आणि मंसूरच्या कातरणाची गोधडी कशी करायची तेही दाखवलं. काम संपवून पाड्याला परतताना तिनं लाडकीला दोऱ्याचं एक रीळ आणि एक सुई दिली.

“सुई सांभाळ हां,” अनीसा म्हणाली. “ती पडली की कुणाच्या पायात जाईस्तोवर सापडत नाही.”

घरी आल्यावर बायडीनं कापडाचं बोचकं उघडून पाहिलं आणि ते चुलीजवळून पायानं लांब सारलं. मूल जन्माला येण्याआधी त्याच्यासाठी काही करून ठेवू नये. वाट बघणारं जे काही असतं त्याला आयतं कळतं, या घरात पोर येणार आहे म्हणून. आणि करणारी कोण, तर हिची कूस रिकामी. एवढं बोलून म्हातारी बाहेर जाऊन बसली. लाडकीनं बोचकं उचलून माळ्यावर पेंढ्यामागे ठेवलं. ते तसंच ठेवायचं, मूल झालं की मगच शिवायचं, असं तिनं मनाशी घेतलं होतं.

सुकरीनंच ते पुन्हा खाली काढायला लावलं. आषाढात भाताची आवणी चालू होती. चिखलात दिवसभर वाकून सुकरीची कंबर धरली, म्हणून त्या दिवशी लाडकीनं तिला घरी पाठवलं आणि दुपारी भाकरी न्यायला आपण आली. घरात दुसरं कुणी नव्हतं. सुकरी म्हणाली, दाखव तरी. अर्धवट शिवलेलं झबलं तिनं हातात घेतलं, उलटंसुलटं केलं आणि आपल्या पोटावर पसरलं. पोटावर ते अगदी लहान दिसत होतं.

“एवढासा असंल?” तिनं विचारलं.

“एवढाच असतो.”

“थंडीच्या आत पुरा होईल का गो बाय?”

“आई नको म्हणते.”

“आईला कोण सांगतंय? तू शिव. माझ्या पोराला उघडा नाय ठेवायचा.” मग तिनं सुई मागून घेतली आणि बाहीला चार टाके घातले. वाकडेतिकडे. लाडकीनं ते उसवले नाहीत.

त्या दिवसापासून लाडकी शिवू लागली. पाऊस कोसळत असला की सासू गोठ्यात शेण भरायची, तेवढ्या वेळात दाराशी उजेडाला बसून. श्रावणात नागलीच्या बेणणीला, तण काढायला, डोंगरउतारावर गेल्यावर, इरलं पाठीवर घेऊन बाकीच्या बाया भाकर खात असताना. बोटांना चिखलाच्या भेगा पडलेल्या, त्यात दोरा अडकायचा. म्हणून ती आधी हात शेवाळाच्या दगडावर घासून धुवायची, मग पदराला पुसायची, मगच कापडाला हात लावायची. लपलं तरी किती दिवस लपणार. पाड्यातल्या सरूनं पाहिलं आणि बांधावर चार बायांत सांगितलं की लाडकी सवतीच्या पोराला टाके घालते आहे. बाया हसल्या. एक जण म्हणाली, तिला दुसरं काय घालायला आहे. लाडकी बेणत राहिली. सुकरीही त्याच रांगेत होती. तिनं मान वर केली नाही. तेव्हा लाडकीला वाटलं, लाजली असेल.

भात कापून खळ्यावर आलं आणि मार्गशीर्षात, झोडणी चालू असताना सुकरीच्या पोटात कळा सुरू झाल्या. फागी सुईण आली. दिवस डोक्यावर आला तेव्हा मुलगा झाला. फागीनं विळ्यानं नाळ कापली, राख लावली आणि पोर लाडकीच्या हातात दिलं. ते ओलं होतं, तापलेल्या दगडासारखं गरम होतं आणि रागानं रडत होतं. लाडकीनं त्याला काळ्याकडे नेलं. काळ्याच्या अंगाला भाताची कुसळं चिकटलेली. त्यानं हात पुढे केले, मागे घेतले, अंग झटकलं, पुन्हा पुढे केले. असं दोनदा झालं. तिसऱ्यांदा लाडकीनं पोर त्याच्या हातात ठेवूनच दिलं.

आता मूल झालं होतं, तेव्हा लपवण्यासारखं काही नव्हतं. पाचवीच्या दिवशी पूजा झाल्यावर लाडकीनं झबलं काढलं. बायडीनं या वेळी ते पायानं सारलं नाही. नातू झाल्यानं म्हातारी मऊ पडली होती. पोराचा हात बाहीतून बाहेर काढायला दोघी सवती वाकून बसल्या. इवलीशी मूठ बाहीत अडकली, तशी सुकरी हसायला लागली आणि तिचं हसणं थांबेना. काळ्या दारातून आत बघत होता. चौदा वर्षांत लाडकीनं त्याचं तसं तोंड पाहिलं नव्हतं.

गोधडीची एक कड तेवढी राहिली होती. दुसऱ्या दिवशी सुकरी न्हात असताना लाडकी पोराला मांडीवर घेऊन कड दुमडत बसली. तेवढ्यात खळ्यावरून हाक आली, पाखडायला माणूस हवं होतं. ती पोराला गोधडीसकट बायडीजवळ ठेवून गेली. परत येऊन पाहते तो सुई नाही. तिनं जमीन हातानं चाचपली, चुलीची राख चाळली, आपल्या लुगड्याचे पदर झटकले. संध्याकाळी केरात शोधली. कुठं पडली असेल, बायडीच्या पायात जाईल म्हणून तिला धास्ती होती. गोधडी तिनं वरवर झटकली. कडेची घडी अर्धी शिवून झालेली, तिच्या आत बघायचं तिला सुचलं नाही.

सातव्या दिवशी सकाळी पोर थान धरेना. सुकरी त्याच्या तोंडात देत होती, ते तोंड उघडत नव्हतं. भूक नसेल म्हणून बायडीनं सोडून दिलं. दुपारी लाडकीनं बोटानं ओठ उघडायचा प्रयत्न केला. जबडा लाकडासारखा घट्ट. सुकरीची छाती भरून दूध आपोआप गळत होतं, लुगडं ओलं होत होतं, आणि पोर उपाशी. कापसाच्या बोळ्यानं गालात दूध पिळलं ते बाहेर आलं. संध्याकाळी त्याला पहिला झटका आला. पाठ कमानीसारखी वाकली, मुठी वळल्या, तोंड हसल्यासारखं ताणलं गेलं. आवाज फुटेना. कुणी दार लोटलं तरी त्याला झटका येई, म्हणून लाडकी दारात बसून राहिली आणि येणाऱ्याला हातानं थांबवू लागली. काळ्या धावत जाऊन सोम्या भगताकडून अंगारा घेऊन आला. फागीनं पोटावर बिब्ब्याचा चटका दिला. नवव्या दिवशी सकाळी पोर काळं-निळं होऊन गेलं.

त्याला झबल्यासकट पुरलं. ते काढायला सुकरीनं हात लावू दिला नाही.

तिसऱ्या दिवशी सोम्या भगत आला. बायडीनंच बोलावलं. अंगणात पाडा जमला. भगतानं सुपात तांदूळ टाकून दाणे बोटानं सरकवले, खूप वेळ. मग म्हणाला, घरातलंच आहे. हातानं केलेलं आहे. बायडी उठली, आत गेली आणि माळ्यावरचं बोचकं आणून तिनं भगतापुढे टाकलं. उरलेली कातरणं, रीळ, गोधडी. भगतानं गोधडी उलगडली, कडेवरून बोट फिरवत नेली आणि एका जागी थांबला. कड फाडून त्यानं सुई बाहेर काढली. ती थोडी गंजली होती.

लाडकी म्हणाली, ती हरवली होती, मी शोधत होते, सगळ्यांनी पाहिलं. सरू म्हणाली, शोधताना पाहिलं खरं, पण लपवणाराही शोधतो. फागी सुईण म्हणाली, ही बेणणीच्या वेळी, पोर जन्मायच्या आधीच, टाके घालत होती, एकेका टाक्याला काय पुटपुटत होती कोण जाणे. लाडकी मोजत असायची. अनीसानं तिला टाके मोजायला शिकवलं होतं. ते तिनं सांगितलं, पण सांगताना तिचं तिलाच ऐकू येत होतं की ते कसं वाटतं.

भगतानं सुकरीला पुढे बोलावलं. ती दोन बायांच्या आधारानं आली. चेहरा सुजलेला, छातीशी लुगडं वाळून कडक झालेलं. भगतानं विचारलं, हे शिवायला तू सांगितलंस का तिला?

लाडकीनं तिच्याकडे पाहिलं. सुकरी जमिनीकडे बघत होती. सगळा पाडा तिच्याकडे बघत होता. हो म्हटलं तर आपल्याच पोरावर आईनं जन्माआधी त्या वाट बघणाऱ्याला बोलावून घेतलं, असं झालं असतं.

“नाय,” सुकरी म्हणाली. “मी नाय सांगितला.”

“कापडाला हात लावलास?”

“नाय.”

त्यानंतर माणसं उठली. कुणीतरी लाडकीच्या झिंज्या धरल्या, कुणीतरी दगड उचलला. पहिला दगड खांद्याला लागला, दुसरा कानशिलावर. काळ्या मध्ये आला. त्यानं तिला दंडाला धरून ओढत आत नेलं आणि दार लावलं. बाहेर आरडाओरडा चालला होता. त्यानं तिची दोन लुगडी आणि विळा एका फडक्यात बांधला. तो तिच्याकडे बघत नव्हता. मागच्या कुडाची काठी काढून त्यानं वाट केली आणि दोघं नाल्यातून खाली उतरली.

नाल्याच्या खालच्या अंगाला, जिथून जव्हारची वाट फुटते, तिथं तो थांबला. जा, म्हणाला. मागं येऊ नको, हे लोक तुला ठेवणार नाहीत. त्याचा आवाज ठीक होता, पण गाठोडं तिला देताना त्याच्या हातून ते सुटेना. तूही तसंच समजतोस का, असं ती विचारणार होती. विचारलं नाही. तो नाही म्हणाला असता तर जायला पाय उचलला नसता, आणि हो म्हणाला असता तर मग जाऊन कुठं राहायचं, हे तिला कळलं नसतं.

“सुकरीची छाती दाटलेय,” ती म्हणाली. “गाठी होतील. गरम फडक्यानं शेक द्यायला सांग. दूध पिळून टाकायचा, पण चुलीत नाय टाकायचा, दूध कायमचा आटतो.”

काळ्यानं मान हलवली आणि तिथंच दगडावर बसून तो रडू लागला. लाडकीनं गाठोडं उचललं. जव्हारला पोचायला तिला दुसऱ्या दिवशीची दुपार झाली.

अनीसानं तिच्या कानशिलावरचं वाळलेलं रक्त पाहिलं आणि तिला आत घेतलं. हळद लावून पट्टी बांधली, मग भाकरी वाढली. जेवून झाल्यावर लाडकीनं सगळं सांगितलं. मंसूरला काळजी पडली होती. हिला चेटकी म्हणून हाकललंय हे गावातल्या लोकांना कळलं तर गिऱ्हाईक येणार नाही, असं तो बायकोला आतल्या खोलीत म्हणाला, आणि ते लाडकीला ऐकू आलं. अनीसाचं उत्तरही ऐकू आलं. ती म्हणाली, सुई मी दिली होती, मग मलाही काढ. विहिरीजवळच्या खोपटात लाडकीची सोय झाली.

ती काजं करायला शिकली, गुंड्या लावायला शिकली. पुढच्या वर्षी अनीसाची बोटं दुखू लागली, तशी बाळंतविड्याची कामं लाडकीकडे आली. जव्हारच्या व्यापाऱ्यांच्या घरांतून झबली, कुंच्या, दुपटी शिवायला यायची. तिचा टाका बारीक आणि एकसारखा पडे. कापड देता-घेता बाया कौतुकानं विचारायच्या, तुझी किती पोरं? ती म्हणायची, नाहीत. काम संपवताना ती प्रत्येक कपड्याच्या कडा दोन्ही बोटांत धरून शेवटपर्यंत चाचपायची. मग उलटा करून पुन्हा चाचपायची. गिऱ्हाईक उभं असलं तरी. संध्याकाळी पडवीतल्या सगळ्या सुया मोजून अनीसाच्या डबीत ठेवल्याशिवाय ती जेवायला उठत नसे. अनीसानं एकदा म्हटलं, अगो, पुरे आता. पण तिचे हात थांबले नाहीत, म्हणून अनीसानं पुन्हा म्हटलं नाही.

तिसऱ्या वर्षी, दिवाळीआधीच्या बाजाराला सुकरी आली. एकटी. डोक्यावर काकड्यांची पाटी. पोट पुढं आलेलं, सातवा असावा. शिंप्याच्या पडवीसमोर ती बराच वेळ पाटी न उतरवता उभी राहिली. लाडकीनं तिला आधी पोटावरून नाही, उभं राहण्यावरून ओळखलं. ती उठली, तिनं पाटी उतरवून घेतली आणि तांब्याभर पाणी दिलं. सुकरी पाणी प्याली. मग तांब्या हातात धरूनच बोलली.

“बाय, मी तवा खोटा बोलली.”

“माहीत हाय.”

“मला भेव वाटला. मला म्हणाले असते, तूच खाल्लास पोर.”

“म्हणाले असते,” लाडकी म्हणाली. “बस. पाय सुजलेत तुझे.”

सुकरी पायरीवर बसली. आपण रोज ते आठवतो, असं तिनं सांगितलं. काळ्या आता फार बोलत नाही. बायडीला दिसत नाही. शेक दिला होता, गाठी झाल्या नाहीत. हे सगळं ती भराभर सांगत होती आणि तिची बोटं पडवीत पडलेल्या कातरणाच्या कडेवरून फिरत होती. मग म्हणाली, “एक झबला दे. मी लपवून ठेवीन. थंडी पडायला लागलेय बाय.”

लाडकीच्या मागे दोरीवर तीन झबली होती. अनीसा दारात उभी राहून ऐकत होती. ती आत गेली आणि एक घडी घालून घेऊन आली, आपल्या नातवासाठी ठेवलेलं. लाडकीनं ते तिच्या हातातून घेतलं आणि मांडीखाली दाबून बसली.

“नको,” ती म्हणाली.

“मी कुणाला सांगायची नाय.”

“आज नाय सांगायची. उद्या पोराला ताप आला की त्याच्या अंगावर कुणाचा टाका हाय ते शोधतील. तुला पुन्हा अंगणात उभी करतील. तेव्हा तू काय सांगशील?”

सुकरीनं हातातलं कातरण मुठीत चुरगळलं.

“माझा राग नाय तुझ्यावर,” लाडकी म्हणाली. “पण तुझ्या पोराला माझ्या हातचा काहीच लागायला नको. ह्या पायरीवरपण परत येऊ नको. जा. उजेड हाय तोवर घाट चढून जा.”

सुकरी उठली. पाटी उचलायला लाडकीनंच हात दिला. डोक्यावर पाटी ठेवताना दोघींची तोंडं अगदी जवळ आली आणि सुकरीचे डोळे भरून वाहत होते, ते पुसायला तिचे हात मोकळे नव्हते. लाडकीनं आपला पदर उचलला आणि परत खाली टाकला. पाड्यातली दोन माणसं पलीकडे मिठाच्या दुकानात उभी होती.

ती गेल्यावर अनीसा लाडकीवर रागावली. एवढं दगड कसं व्हावं माणसानं, असं म्हणाली. लाडकीनं ते ऐकून घेतलं आणि मांडीखालचं झबलं सरळ करून तिच्या हातात दिलं. त्या दिवशी तिनं पुढे काम केलं नाही. खोपटात जाऊन ती भिंतीला पाठ लावून बसली. अनीसानं भाकरी आणून ठेवली, ती सकाळी तशीच होती.

मुलगा झाला, जगला, ही बातमी तिला पौषात बाजारात, पाड्यावर नवी नांदायला आलेल्या धाकली नावाच्या बाईकडून कळली. धाकलीला लाडकी कोण ते माहीत नव्हतं. लाडकीनं पुन्हा पुन्हा विचारलं, दूध पितो का, सातवा दिवस कसा गेला, तोंड उघडतो का. धाकलीला नवल वाटलं. ती म्हणाली, पोराला काय झालंय, उगाच काय विचारतेस, सव्वा महिन्याचा झाला.

वर्षानं, थंडी ऐन भरात असताना, ती तिघं जव्हारला आली. मीठ घ्यायला आणि विळ्याला धार लावायला आली असतील. सकाळची वेळ. पडवीत कोवळं ऊन आलं होतं आणि लाडकी काज करत होती. रस्त्यावरून काळ्या येताना दिसला. त्याचे केस पांढरे झाले होते. खांद्यावर मूल. मुलानं बापाचे केस दोन्ही मुठींत धरले होते. त्याच्या कमरेला एक काळा दोरा होता, गळ्यात भगताचा ताईत होता, आणि अंगावर काही नव्हतं. छातीचा पिंजरा वरखाली होत होता. नाकातून शेंबूड येऊन ओठावर वाळला होता. थंडीनं मांड्यांवर काटा उभा राहिलेला इतक्या लांबूनही दिसत होता. सुकरी मागून चालत होती. पडवी जवळ आली तशी तिची चाल मंदावली आणि तिनं मान वळवली.

लाडकीनं मुलाकडे एकदाच पाहिलं. मग तिनं हातातलं काम खाली ठेवलं, उठली, दरवाजाच्या आत गेली आणि कुडाकडे तोंड करून उभी राहिली. बाजारात पाड्यातली माणसं असतील. आपली नजर त्याच्यावर पडली होती असं कुणी म्हणायला नको. म्हणजे मग काहीही झालं, साधी सर्दी झाली, तरी त्यात आपण नसू.

अनीसा मागून आली. “ते बघ,” ती हळूच म्हणाली. “तुझ्याकडेच बघतंय पोर.”

“दार लाव बीबी.”

“अगो, हसतंय.”

“लाव.”

अनीसानं दार ओढून घेतलं. बाहेर काळ्याची पावलं आली. थोडी थांबली. मूल काहीतरी बोबडं बोललं. मग ते खोकलं. सुका, खोलातून आलेला खोकला. पावलं पुढे निघाली. लाडकीनं दोन्ही हात कुडाला टेकवले होते. खोकला शिंप्याच्या विहिरीपर्यंत ऐकू आला, पुढे धार लावणाऱ्याच्या दुकानापर्यंत, मग उतारावर एकदा पुसटसा.

“गेले का?” तिनं विचारलं.

“गेले,” अनीसा म्हणाली.

लाडकी तशीच उभी राहिली, खोकला अजून ऐकू येतो का ते बघत.